चढाला वडलांचं, सपाटीला आईचं

भाचीच्या लग्नासाठी मी पाटणहून सांगलीला वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपने निघालो. मामा पोचल्याशिवाय नवरी मांडवात यायची कशी? आणि इथे आमचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरच्या गाण्याच्या चालीवर गाडी हाकत होता!

चढ आला की त्याच्या फौजी वडिलांच्या आवडीचं बॅगपाइप लागे, त्याची मान ताठ होई आणि जीप संचलनाला निघाल्यासारखी सुटे. सपाटी आली की आईच्या माहेरची कानडी भजनं लागत. मग हा डोळे अर्धे मिटून बैलगाडीच्या वेगाने डुले.

"अहो, मुहूर्त टळेल! वडिलांचं लावा की!"

"आवं मामा, सपाटीला आईचंच. घरातबी तसंच हाय."

आष्ट्यात मी हात जोडले. तो विरघळला. "हितं आमची सासरवाडी. सासरं बँडवालं. लग्न हाय, तर त्यांचं लावू!"

जीप नाचतच सांगलीत शिरली आणि थेट मांडवापुढे थांबली. बँड ऐकून नवरदेव आला असं समजून माझी बहीण ताट घेऊन धावली आणि तिने ड्रायव्हरलाच ओवाळलं. खरा नवरदेव अजून वाटेत होता.

मी ओरडणार, तोच हा पुटपुटला, "ऱ्हाऊ द्या मामा. आमच्या लग्नात सासऱ्यांचं वाजवणं थांबलंच न्हाई, ओवाळायचं राहून गेलतं."