अस्सल जुना
रॉकेलचा वास आला की वरसे गावातल्या आमच्या अंगणात उभी असलेली बाबांची विलायती गाडी आठवते. तिचा कार्बोरेटर गेला तेव्हा पेणचा मिस्त्री मला म्हणाला, "जुनाच आण, नवा बसायचा नाय." मी तेव्हा दुबईत नोकरीला होतो; तिथली भंगाराची दुकानं धुंडाळून तसाच मिळवला आणि रॉकेलने घासून लखलखीत केला. सुट्टीवर घरी येताना विमानतळावर कस्टमवाल्याने विचारलं, "नवा आहे?" मी अभिमानाने म्हणालो, "छे, अस्सल जुना!" "मग परवाना दाखवा. जुना माल परवान्याशिवाय सोडत नाही." मी हात जोडले, तरी त्याने तो ठेवूनच घेतला. तेवढ्यात बाबांचा फोन आला, "कुठवर आलास रे? बॉनेट उघडून बसलोय." "कस्टमवाल्याने ठेवून घेतला, बाबा," मी म्हणालो. बाबांनी त्या दिवशी बॉनेट मिटलं, ते पुन्हा उघडलं नाही. गाडी पुसताना मी मात्र अजून पुटपुटतो, "नवा आहे, साहेब."