लहान मेंदूची मधली पट्टी

शेजारच्या बाई घरूनच मेंदूच्या पेट स्कॅनचं विश्लेषण करतात. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन पकडणाऱ्या जागा मेंदूत कुठं किती आहेत, ते मोजतात. लहान मेंदूत त्या फारशा नसतात, म्हणून तो तुलनेला धरतात. पण एकाच माणसाच्या दोन स्कॅनचे आकडे जुळेनात. फोनवर साहेब म्हणाले, "स्कॅन टाकून द्या."

"न्हाय टाकायचं, सर! त्या माणसांनी तासभर मान हलवली न्हाय!" बाईंचा आवाज गल्लीभर.

मग त्यांच्या लक्षात आलं, लहान मेंदूच्याही मधल्या पट्टीत त्या जागा थोड्या असतातच. बाईंनी प्रत्येक स्कॅनमधली ती पट्टी वगळून सगळं पुन्हा मोजलं. चहा रोज गार होत राहिला.

काल दुपारी त्या गच्चीतून मला ओरडून म्हणाल्या, "वैनी, जुळलं की वो!"

काय जुळलं ते गल्लीत बाकी कुणालाच कळलं नाही, तरी आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.