कंबरदुखीच्या अभ्यासासाठी बारा खुर्च्या

फाउंडेशनने मला फसवलं. मी भांडुपला स्टीलचं फर्निचर विकतो. पंचवीस वर्षांत एकही गिऱ्हाईक मला गंडवू शकलं नाही, आणि इथे मी स्वतःहून, टेम्पोचं भाडं खिशातून भरून फसलो.

बायकोचं खुब्याचं ऑपरेशन मुलुंडच्या एका इस्पितळात झालं. दहा दिवस ती खाटेवर आणि मी खाटेशेजारी चटईवर. बाजूच्या खाटेवर मालवणकडचे एक आजोबा होते आणि त्यांच्या पायथ्याशी जमिनीवर आजी. पहिल्याच सकाळी तिने ओळख करून घेतली, "कितको घोरतंस रे मेल्या!"

बायको घरी आली आणि आठवड्याभरात फाउंडेशनच्या मॅडम देणगी मागायला दुकानात हजर. इस्पितळातल्या संशोधनाला आणि गरीब रुग्णांना त्यांची संस्था पैसे पुरवते. आजोबांची महागडी औषधंही त्यांच्याकडूनच येत, म्हणून मी चहा मागवला.

"रोख नाही," मी म्हणालो. "नातेवाइकांसाठी मागे कलणाऱ्या खुर्च्या देतो. आठ."

"वॉर्ड मोठा आहे हो. सोळा द्या."

"मॅडम, खुर्च्या आहेत, केळी नाहीत."

बारावर सौदा पटला. देणगीदार म्हणून नाव कुठे लिहू, त्यांनी विचारलं. म्हटलं, नाव नको, आठवड्यात खुर्च्या वॉर्डात दिसल्या पाहिजेत. त्यांनी हसून मान हलवली. त्या हसण्याला मी भुललो.

तीन आठवड्यांनी बायकोला तपासणीला नेलं, तेव्हा वॉर्डात डोकावलो. आजी तिथेच, जमिनीवर. खुर्च्या सापडल्या वरच्या मजल्यावर, संशोधन विभागात. प्लास्टिकसकट, शिक्षा झालेल्या पोरांसारख्या भिंतीकडे तोंड करून उभ्या.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "काका, जमिनीवर झोपणाऱ्या नातेवाइकांची कंबर किती दुखते, याचा अभ्यास चाललाय. फाउंडेशनचाच आहे. आधी जमिनीवरच्यांची नोंद, मग खुर्चीवरच्यांची. आत्ताच खुर्च्या दिल्या तर तुलना कशाशी करणार?"

"म्हणजे कंबर दुखायची वाट बघताय?"

"नाही हो, ती दुखतेच आहे."

मी एका खुर्चीचं प्लास्टिक फाडलं आणि ती लिफ्टमध्ये घातली. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "कुठे?" "दुरुस्तीला," मी म्हणालो. त्याने दार धरून ठेवलं.

आजीला बसवून पाठ मागे कलवली. पाय वर आले तशी ती किंचाळली, मग लहान पोरीसारखी हसली. डॉक्टरीणबाईंबद्दल म्हणाली, "ता चेडू रोज येता नि इचारता, आजी, दुखता काय? मी म्हटलंय, येक रात हंयसर निज, मगे तूच सांग."

पाच मिनिटं झाली असतील. डॉक्टरीणबाई कागद घेऊन धावत आल्या. "आजी, खुर्ची वापरलीत तर तुमचं नाव अभ्यासातून काढावं लागेल."

आजी ताडकन उठली. "नको गो बाय, नाव काढू नको. घोवाचा औषध बंद होतला."

"अहो, औषधाचा याच्याशी काही संबंध नाही!"

आजीने ऐकलं, मान हलवली आणि चटईवर जाऊन बसली. औषधाच्या कागदावर आणि अभ्यासाच्या कागदावर शिक्का एकच, फाउंडेशनचा. तिने दोन्हीकडे अंगठा दिलाय. कुठला कशासाठी, ते तिला कोण सांगणार? मी आग्रह केला, ओरडलोसुद्धा. नवऱ्याच्या औषधापुढे तिने मला जुमानलं नाही.

खुर्च्या मी परत मागणार नाही. दिलेला माल मी परत घेत नाही. पण मॅडम, खुर्चीत बसलं तर औषध तुटेल, ही भीती आजीला कोणी घातली? कोणी नाही म्हणता? मग तसं काही होणार नाही, हे अंगठा घेताना तिला का नाही सांगितलंत? माझ्या दुकानात येऊ नका. वॉर्डात या, तिच्यासमोर जमिनीवर बसा आणि तिला उत्तर द्या. मी तिथेच उभा असेन.