रकान्यातली आडवी रेघ

माझ्या जवळच्या माणसानं मला फसवलं, हे गेली तीन वर्षं मी बऱ्याच जणांना सांगितलं. बायकोला सांगितलं, साडूला सांगितलं, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. सांगताना मी ती गोष्ट नेहमी मधूनच सुरू करायचो, जिथं मी बरा दिसतो तिथून. आज सुरुवातीपासून लिहितो.

मी नांदेडला एका खासगी डेअरीत वाहन विभाग सांभाळतो. दुधाचे सहा टँकर आहेत. आजूबाजूच्या गावांचं दूध चाकूरच्या केंद्रात थंड होतं आणि अहमदपूर, लोहा करत नांदेडला येतं. मुख्य ऑफिस लातूरला. आमच्या वर्कशॉपचे मिस्त्री म्हणजे दादा. सख्खे भाऊ नव्हेत. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावात, विहाराच्या मागच्या गल्लीत, त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच आहे. डिप्लोमा होऊन मी दोन वर्षं रिकामा बसलो होतो तेव्हा त्यांनीच मला नांदेडच्या गॅरेजमध्ये नेलं. "डिप्लोमा ठेव पेटीत. आधी हात काळे कर," म्हणाले आणि हातात पाना दिला. पुढे मी डेअरीत लागलो, विभागाचा प्रमुख झालो. त्यांचं गॅरेज बंद पडलं तेव्हा मी त्यांना आमच्याकडे आणलं. लोकांसमोर ते मला साहेब म्हणायचे, दोघंच असलो की लेका. मी मात्र कुठंही असलो तरी दादाच म्हणायचो.

इंजिनचं तेल कधी बदलायचं हे दादा बोटांनी ठरवत. डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल बघायची पट्टी, बाहेर काढायची, तिच्या टोकाचा थेंब अंगठ्यानं आणि बोटानं सावकाश चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि निकाल द्यायचा. "झालं याचं. उतरवा." गाडीच्या पुस्तकात किती किलोमीटर लिहिलेत याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. बहुतेक वेळा पुस्तकाच्या आधीच तेल उतरायचं. चांगलं तेल आपण फेकतोय, असं मला वाटायचं.

मग एका प्रशिक्षणात मला तेलाच्या तपासणीची माहिती मिळाली. चालू इंजिनमधलं थोडं तेल बाटलीत भरून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. त्यात लोखंड किती, तांबं किती, धूळ किती, काजळी किती, तेल पातळ झालंय का, हे सगळं कागदावर येतं. इंजिन आतून कुठं झिजतंय ते न उघडता कळतं. रिपोर्ट चांगला असेल तर तेल अजून चालवायचं, नसेल तर लगेच बदलायचं. पद्धत चांगलीच आहे. मी आजही ती वापरतो. त्या दिवसांत तर मला दुसरं काही सुचत नव्हतं.

नमुने काढायचं काम मी दादांना दिलं. इंजिन गरम पाहिजे, बाटली कोरडी पाहिजे, एवढं सांगितलं. सोबतचा फॉर्म मात्र मी स्वतः भरायचो, कारण माझं अक्षर चांगलं आहे. गाडीचा नंबर, किलोमीटर, तेल घातल्याची तारीख. खाली एक रकाना होता: मागच्या नमुन्यानंतर वरून किती तेल घातलं. त्यात मी आडवी रेघ मारायचो.

आणखी एक नियम मी केला. आधी कुणीही स्टोअरमधून तेलाचा डबा उचलायचा. मी स्टोअरला कुलूप लावलं. डबा मिळणार तो फक्त नमुन्याच्या दिवशी, तोही माझ्या सहीच्या चिठ्ठीवर.

पहिल्या बाटल्या गेल्या त्या दिवशी एका ड्रायव्हरनं विचारलं, "साहेब, दुधावानी तेलाला बी फॅट लागती का आता?" सगळे हसले. मीही हसलो. सोमवारी आलेले रिपोर्ट मी पिटच्या, म्हणजे गाडीखाली काम करायच्या खड्ड्याच्या, कडेला उभं राहून मोठ्यानं वाचायचो.

"दादा, तुमच्या बोटांनी हा टँकर मागच्याच महिन्यात उतरवला असता. कागद म्हणतो, अजून दोन महिने चालेल."

"हाव, कागदच शहाणा," दादा म्हणायचे. "त्याला चोळावं लागत न्हाई."

पुन्हा हशा व्हायचा. दादाही हसायचे आणि बोटं पँटीला पुसायचे. ते पुसणं मला दिसायचं. मी पुढचा कागद वाचायला घ्यायचो.

चार नंबरच्या टँकरला चाकूरच्या पलीकडची गावं होती. तिकडचा रस्ता खोदून ठेवलेला, दिवसभर धुरळा. एका सकाळी दादा माझ्या टेबलापाशी आले. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"लेका, चार नंबरचं तेल बदलू. बोटाला कचकच लागून राहिली."

"हवेचा फिल्टर पाहिला?"

"फिल्टर नवाच हाय. तरी लागून राहिली."

"मग रिपोर्ट येऊ द्या ना, दादा."

रिपोर्ट आला. चांगला होता. महिन्याभरानं ते पुन्हा तेच म्हणाले, मी पुन्हा तेच म्हणालो, आणि रिपोर्ट आणखी चांगला आला. लोखंड मागच्यापेक्षा कमी, धूळही कमी.

इथं मला थांबायला हवं. तेल तेच, इंजिन तेच, मध्ये हजारो किलोमीटर धावलेलं. त्यातलं लोखंड आपोआप कमी होत नाही. वरून नवं तेल पडलं तरच ते कमी दिसतं. मी दुधाच्या धंद्यातला माणूस. एखाद्या गवळ्याच्या कॅनचा आकडा अचानक बदलला तर यात काय मिसळलं, हा आमचा पहिला प्रश्न असतो. तो रिपोर्ट हातात घेऊन मी खिडकीशी बराच वेळ उभा होतो. प्रश्न माझ्या तोंडापर्यंत आला होता. पण पुढच्याच आठवड्यात लातूरला मला डेअरीच्या मोठ्या साहेबांपुढे हेच आकडे मांडायचे होते. तेलाची मुदत किती वाढवली हे दाखवायचं होतं. मी कागद फाइलला लावला. लातूरला माझं कौतुक झालं. चार नंबरची मुदत मी आणखी वाढवली.

एप्रिलमध्ये, भर दुपारी, लोह्याच्या अलीकडे चार नंबर बंद पडला. ड्रायव्हरचा फोन आला, "साहेब, आतून ठोकल्यावानी आवाज आला अन् जागीच बसला. सेल्फ बी फिरना गेलाय." दुसरा टँकर पाठवून दूध नांदेडला आणलं, पण गेटवरच्या चाचणीत ते नापास झालं. सगळं सांडावं लागलं. इंजिन उघडलं तेव्हा बेअरिंगचा वरचा थर पार निघून आतलं तांबं दिसत होतं. पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या लायनरवर ओरखडे होते. फिल्टरच्या पुढच्या रबरी नळीला खालच्या बाजूनं चीर गेली होती. तिथून धुरळा थेट इंजिनात जात होता. दादांच्या बोटाला लागत होता तो तोच.

मग स्टोअरकीपरनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला. चार नंबरसाठी दर नमुन्याच्या दिवशी तेलाचे डबे गेले होते. प्रत्येक चिठ्ठीवर माझी सही. मी न वाचता सह्या करत होतो.

दादा पिटमध्ये उभे होते. मी वरून विचारलं.

"दादा, नमुना काढायच्या आधी तुम्ही नवं तेल घालत होता?"

"हाव."

"का?"

"तू बदलू देत न्हवतास. म्हटलं, निदान थोडं तरी नवं जाईल त्याच्या पोटात. डबा त्याच दिवशी भेटायचा."

"मग आधी नमुना काढायचा, नंतर घालायचं!"

"पहिल्या टायमाला ध्यानात न्हाई आलं. इंजिन गरम पायजे म्हनला होतास. तेल घातलं, एक चक्कर मारली, अन् काढला नमुना."

"आणि नंतर?"

त्यांनी हातातला पाना कपड्यानं पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

"नंतर कळलं. लोखंड कमी झालं म्हनून तू वाचून दाखविलास ना, तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू लई खूश होतास. अन् खोटं कशाला सांगू, मला बी बरं वाटलं. माझ्या गाड्या पास होऊ लागल्या. चारचौघांत माझ्यावर हसनं बंद झालं."

ज्या माणसानं मला नट आणि बोल्ट दाखवले, त्यानं महिनोन्महिने माझ्या हातून खोट्या बाटल्या पाठवल्या. मी त्या बाटल्यांच्या भरवशावर माझा शब्द लातूरला दिला होता. मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं आठवत नाही. "तुम्हाला इथं मी आणलं," हे नक्की म्हणालो, कारण ते ऐकून दादांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं.

इथून पुढचं मी कुणाला सांगत नसे.

दोन दिवसांनी आम्हा दोघांना लातूरला बोलावलं. साहेबांनी दादांना बसायला सांगितलं नाही. दादा भिंतीशी उभे राहिले, मी खुर्चीवर. माझ्या मांडीवर फाइल होती, आणि त्या फाइलमध्ये सगळ्या फॉर्मच्या प्रती. प्रत्येकावर त्या रकान्यात माझ्या अक्षरातली आडवी रेघ. किती तेल घातलं ते मी विचारून लिहिलं असतं तर प्रयोगशाळेनं तसा हिशेब धरून निकाल दिला असता. नवं तेल घातल्यानं नमुना खोटा होत नाही. घातलेलं लपवलं की होतो. तो रकाना त्यासाठीच असतो.

"नमुने कोण काढत होतं?" साहेबांनी विचारलं.

"मिस्त्री काढत होते," मी म्हणालो.

फॉर्म कोण भरत होतं, हे साहेबांनी विचारलं नाही. मी फाइल उघडली नाही. डबे घेतल्याचं दादांनी लगेच कबूल केलं, एवढंच कबूल केलं. त्यांना त्या दिवसापासून कामावर येऊ नका असं सांगितलं गेलं. मला पुढे काळजी घ्यायला सांगितलं.

परतताना आम्ही डेअरीच्याच जीपमध्ये होतो. चाकूर मागे पडलं. अहमदपूरच्या स्टँडजवळ दादा ड्रायव्हरला म्हणाले, "इथंच थांबव. मला मुखेडची गाडी भेटंल." उतरून त्यांनी दार लावलं. मग खिडकीशी वाकून मला म्हणाले, "मिस्त्री म्हनालास." एवढंच म्हणून ते स्टँडात गेले.

त्यानंतर मी गावाकडे जाणं कमी केलं. गेलो तरी विहाराच्या पुढच्या बाजूनं जायचो. आईनं एकदा विचारलं, "भिंतीपलीकडं काय झालंय रे तुमचं?" मी तिलाही तेच सांगितलं. दादांनी मला फसवलं. आई म्हणाली, "त्यानं?"

या वर्षी वर्कशॉपला नवा फिटर आला. पहिल्याच आठवड्यात तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आला आणि एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "सर, यात काय लिहायचं असतं?"

मी त्याला नीट समजावून सांगितलं. किती तेल घातलं, कोणत्या दिवशी घातलं, नमुन्याच्या आधी की नंतर. तो ऐकत होता आणि मला माझाच आवाज ऐकवत नव्हता. दुपारी जुनी फाइल काढली. एकेक प्रत उलटत गेलो. मग लातूरला पत्र लिहिलं: फॉर्म मी भरत होतो, ती माहिती मी विचारली नाही, संशय आला तेव्हा गप्प बसलो, आणि तुमच्यासमोर ते लपवलं. चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. "आता कशाला उकरून काढताय? ते इंजिनही भंगारात गेलं." पत्र त्यांनी बहुधा कुठं लावलंच नसावं.

मुखेडच्या बाजाराच्या दिवशी मी मोटारसायकल घेऊन गेलो. एसटी स्टँडच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये दादा आता दुचाक्या दुरुस्त करतात. मला पाहून ते उठले नाहीत. मी मोटारसायकल त्यांच्यासमोर उभी केली. त्यांनी काही न विचारता डिपस्टिक फिरवून काढली, थेंब बोटात चोळला, नाकाशी नेला.

"कधीच बदलायला पायजे होतं हे," ते म्हणाले. "कागद न्हाई आनला संगं?"

"नाही आणला." मग मी म्हणालो, "दादा, फॉर्मवर एक रकाना होता. किती तेल घातलं त्याचा. मी त्यात रेघ मारायचो. लातूरला मी ते बोललो नाही. आता लेखी कळवलंय."

ते डिपस्टिक पुसत राहिले.

"मला ठाऊक होतं ते."

"तुम्हाला?"

"बाटल्या खोक्यात कोन भरत होतं? फॉर्म माझ्याच हातानं आत जायचे. वाचता येतं मला."

"मग लातूरला साहेबांसमोर बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हनून थांबलो होतो," दादा म्हणाले.

बाजारातला गलबला शेडपर्यंत येत होता. जे म्हणायचं ते तीन वर्षांपूर्वी, लातूरच्या त्या खोलीत म्हणायला हवं होतं. दादांनी गाडीखाली तसराळं सरकवलं, नट सैल केला. काळं तेल बारीक धारेनं पडू लागलं. त्यांनी पायानंच एक स्टूल माझ्याकडे ढकललं.

"बसा साहेब," ते म्हणाले. "अर्धा तास लागंल."

तिथं आम्ही दोघंच होतो.