वाहतं पाणी

शेजाऱ्यांनी काल पाइनचं झाड तोडलं आणि चिकाचा तो कडवट-गोड वास थेट माझ्या किचनमध्ये शिरला. भांडी घासता घासता हात थांबले. बारा वर्षांपूर्वी असाच वास उत्तर मिनेसोटातल्या एका तळ्याकाठी भरून राहिला होता.

आईबाबा तेव्हा आमच्याकडे आले होते आणि बाबा मिनिआपोलिसच्या आमच्या घरीच अचानक गेले. त्याच्या पंधरा दिवस आधी ते त्याच तळ्यात पाय सोडून बसले होते. "इथून हलूच नये असं वाटतं गं," म्हणाले होते. म्हणून अस्थी तिथेच न्यायच्या, असं मी ठरवलं. आईची अट एकच, पाणी वाहतं हवं.

तिथे आम्ही उतरलो होतो त्या केबिनच्या मालकिणीनं मला तळ्याची गोष्ट सांगितली होती. हिमयुग सरताना बर्फाचा प्रचंड तुकडा इथे रुतून राहिला, सावकाश वितळला आणि त्या खड्ड्याचं तळं झालं. त्यात नदी येत नाही, त्यातून जातही नाही.

"वाहतं ना गं हे?" आईनं विचारलं.

"हो, पुढे नदीला मिळतं," मी बेधडक सांगितलं.

अस्थी सोडल्यावर तिनं घरच्या कुंडीतलं झेंडूचं फूल पाण्यावर ठेवलं. वारा अजिबात नव्हता. आई बराच वेळ नुसती बघत बसली. मग माझा हात धरून उठली.

"तुझ्या बाबांना तरी कुठे जायची घाई होती," एवढंच म्हणाली.

खोटं खपलं म्हणून मला तेव्हा हायसं वाटलं होतं. ती इतका वेळ त्या फुलाकडे बघत होती आणि फूल ठेवलं तिथेच होतं, हे मला काल कळलं.