आठवी वळकटी

घोटूनानांचं खरं नाव हजेरीच्या कार्डावर होतं आणि तिथंच राहिलं. हातात आलेली वस्तू लोण्यासारखी केल्याशिवाय ते सोडत नसत, म्हणून सगळा कारखाना त्यांना घोटूनाना म्हणे. बोलणंही तसंच. बसथांब्यावर सुरू झालेली त्यांची गोष्ट कारखान्याच्या फाटकापर्यंत यायची, तरी गोष्टीतला माणूस अजून घरातून निघालेला नसायचा.

नानांचं काम रोलवर. पोटाच्या घेराचे दोन लोखंडी रोल शेजारी शेजारी आडवे पडलेले, एकमेकांच्या दिशेने फिरणारे, एक जरा घाईचा, एक जरा सुस्त. मधल्या फटीत कच्चं रबर टाकलं की ते आधी कुरकुरतं, ताणतं, फाटतं, मग हळूहळू नरम होऊन पुढच्या रोलला पट्ट्यासारखं गुंडाळून बसतं. मग त्यात काळी भुकटी ओंजळी-ओंजळीने घालायची. ती काजळीपेक्षा बारीक. फुंकर मारली तर महिनाभर नाकातून निघते. भुकटी रबराच्या पोटात गेली की सुरीने पट्टा आडवा कापायचा, अंथरुणाची करतात तशी त्याची वळकटी करायची आणि उभी धरून पुन्हा फटीत द्यायची. पुन्हा कापायचं, पुन्हा वळकटी. अठ्ठावीस वर्षं नानांनी हेच केलं होतं आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या रबरात कधी ठिपका दिसला नव्हता.

त्यांची एक खोड होती. भुकटी नुकतीच मिसळली की ते अंगठ्याएवढा तुकडा कापून रोलच्या चौकटीला चिकटवून ठेवत. काम संपलं की त्याच्याशेजारी दुसरा लावत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत, "हे बघा, असं होतं. आणि हे बघा, असं केलं." पहिला तुकडा खरबरीत, वांगं उलल्यासारखा, दुसरा पाण्यात पडलेल्या रात्रीसारखा काळा आणि नितळ.

या रोलवर आजवर जे रबर झालं ते विजेला अडवणारं. तारा जोडणाऱ्यांचे हातमोजे, विजेच्या पेटीसमोर टाकायच्या चटया. त्यामुळे मालकीणबाईंनी नव्या कामाची चिठ्ठी हातात दिली तेव्हा नानांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"यातून वीज जायला पाहिजे म्हणता?"

"जायला पाहिजे."

"रबरातून?"

"रबरातूनच," बाई म्हणाल्या. "आजारी माणसाच्या खाटेला हातात धरायचं बटणांचं यंत्र असतं ना, उशाकडची बाजू वरखाली करायला, त्याच्या आतल्या टिकल्या करायच्यात."

नानांना ते पटेना. शेवटी मोजणीवालीने, म्हणजे कारखान्यात मीटर घेऊन हिंडणाऱ्या पोरीने, टीव्हीचा एक मोडका रिमोट त्यांच्यासमोर उघडला. प्रत्येक बटणाच्या पोटाखाली एकेक काळी टिकली होती, मसुराएवढी. खाली हिरव्या पट्टीवर तांब्याच्या दोन रेघा, एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या. बटण दाबलं की टिकली दोघींवर टेकते आणि एकीकडची वीज दुसरीकडे जाते.

"म्हणजे ही टिकली मध्यस्थी करते," नाना म्हणाले.

"हो. आणि मध्यस्थाने फार ओढून धरलं तर बोलणी फिसकटतात. मीटरवर आकडा शंभराच्या आत आला पाहिजे. जितका लहान, तितकी वीज सुखाने जाते."

नानांनी पहिला घाणा घातला. भुकटी नेहमीच्या दुप्पट, चिठ्ठीत लिहिली तशी. प्रेसवर नानांचे साडू होते. त्यांनी तापत्या साच्यात दाबून टिकल्या पक्क्या केल्या. मोजणीवालीने मीटरच्या दोन सुया टेकवल्या. आकडा नऊशे.

"मिसळायला कमी पडलं असणार," नाना म्हणाले आणि दुसरा घाणा अर्धा तास जास्त घोटला. पट्टा असा तकतकीत निघाला की साडूंनी त्यात बघून मिशी नीट केली. मोजला, तर आकडा नऊ हजारांच्या पुढे.

मालकीणबाई रागावल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. "नाना, उद्या तिसरा घाणा. तोही वाया गेला तर मिसळलेलं रबर बाहेरून आणायचं ठरलंय. रोल काढून टाकू. तुम्हाला कडा कातरायच्या टेबलावर बसायला मिळेल. बसून काम."

बसून काम. अठ्ठावीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला ते शब्द टोचले. साडूंनी पाठीवर हात ठेवला. "चला, म्हातारपणी का होईना, हातात कात्री आली. आमच्या मेहुणीबाईंना सांगतो, नानांना आता शिवणकामही जमेल."

"साडू, तुमचा साचा तापलाय की जीभ?"

पण त्या थट्टेत दम नव्हता. नाना रोल पुसत राहिले. मोजणीवाली मीटर आवरता आवरता चौकटीपाशी थांबली. तिथं दुसऱ्या घाण्याचे दोन तुकडे शेजारी शेजारी चिकटलेले. काही मनात नसताना तिने सुया त्या खरबरीत तुकड्याला लावल्या. मग मीटर कानाशी आणून हलवला. पुन्हा लावल्या.

"नाना, हा कुठला तुकडा?"

"तो कच्चा. दाखवायचा. त्याला काय मोजतेस?"

"दोनशे दाखवतोय."

"आणि हा?" नानांनी नितळ तुकड्यावर बोट ठेवलं.

तिने मोजला. हजारांत.

नानांनी दोन्ही तुकड्यांवरून अंगठा फिरवला. एकच घाणा, एकच भुकटी, एकच हात. मधे होती ती फक्त त्यांची मेहनत.

"साच्यात न तापलेल्या रबराचा आकडा खरा धरायचा नसतो," ती म्हणाली, "पण एवढा फरक?"

"पोरी, उद्या लवकर येशील?"

घरी नाना कणीक मळणाऱ्या बायकोसमोर बसून राहिले. "अगं, मळून मळून एखादी गोष्ट बिघडते का गं?"

"माणूस बिघडतो. तुम्हाला सांगून सांगून मी थकले."

"नाही, खरंच विचारतोय."

तिने हात थांबवला. "आपल्या गावाला आग लागली होती ते आठवतं? विहिरीपासून घरापर्यंत माणसं उभी होती. बादली या हातातून त्या हातात. तेव्हा तुम्हीच ओरडत नव्हता का, रांग मोडू नका, एकमेकांना धरून राहा म्हणून?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"मला काय ठाऊक? मळून बिघडतं का विचारलंत, तर मोडून बिघडतं एवढं मी पाहिलंय."

नाना उठून उभे राहिले. भुकटीचे कण ही माणसं आणि वीज ही बादली. कण एकमेकांना टेकून रांगेत असतील तोवर बादली पुढे जाणार. आणि आपण काय केलं? प्रत्येक कणाला त्याच्या शेजाऱ्यापासून ओढून काढलं आणि साऱ्या शेतात सारख्या अंतरावर, नीटनेटकं, एकेकटं उभं केलं. दिसायला किती छान. पाणी मात्र पोचत नाही.

"तुला कारखान्यात घ्यायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"पगार तुमच्याइतका देत असतील तर नको."

दुसऱ्या दिवशी तिसरा घाणा. नानांनी भुकटी घातली आणि प्रत्येक वळकटीनंतर एकेक तुकडा कापून क्रमाने मांडला. एकापासून चौदापर्यंत. अर्धा घाणा त्यांनी आठव्या वळकटीलाच बाजूला काढून ठेवला होता. आठच का, हे त्यांना सांगता आलं नसतं. तिथवर पट्ट्यातले कोरडे ठिपके गेले होते आणि रबराचा आवाज नुकता बदलला होता, एवढंच. पण तिथं सुरी खाली ठेवताना नानांचे हात आपोआप पुन्हा पट्ट्याकडे गेले. पट्टा अजून मंद होता, चमक नव्हती. असं रबर त्यांनी दुसऱ्या कुणाचं पाहिलं असतं तर नाव ठेवलं असतं. त्यांनी हात पाठीमागे एकमेकांत धरून ठेवले.

साडूंनी चौदाही तुकडे साच्यात दाबले. तोंडाची टकळी चालू होती, पण वेळ मात्र घड्याळ लावून सगळ्यांना सारखा दिला. मोजणीवाली मोजू लागली. पहिल्या टिकलीचा आकडा एका जागी पन्नास, दुसऱ्या जागी दोन हजार. भुकटी अजून गोळ्यांत बसलेली. चौथीपाशी आकड्यांना जरा शहाणपण आलं. सातवी एकशेवीस. आठवी सत्तर. तिने टिकली फिरवून दुसऱ्या बाजूने मोजली, सत्तर. नववी पंच्याण्णव. मग आकडे चढत गेले, आणि चौदावी, सगळ्यांत देखणी, साडेचार हजारांवर जाऊन बसली.

मालकीणबाई कधी येऊन उभ्या राहिल्या कुणाला कळलं नाही. त्यांनी आठव्या वळकटीचा ठेवलेला पट्टा उचलला, अंगठा फिरवला. "हे अर्धवट वाटतंय, नाना."

"वाटू द्या, बाई. मलाही वाटतंय."

त्यातून दोनशे टिकल्या दाबल्या. मोजणीवालीने त्यातून हाताला येतील तशा वीस उचलल्या. एकही शंभराबाहेर गेली नाही. बाई वहीत काही लिहून निघाल्या आणि दाराशी थांबून म्हणाल्या, "रोलला तेल घालून घ्या. उद्यापासून रोज दोन घाणे लागतील."

नाना थोडा वेळ रोलवर हात ठेवून उभे राहिले. लोखंड अजून कोमट होतं. मग त्यांनी त्या चौदा टिकल्या तारेत ओवल्या आणि चौकटीवरच्या खिळ्याला अडकवल्या. चिकटवायचे दोन तुकडे त्या दिवसापासून बंद झाले.

"साडू," त्यांनी हाक मारली, "यातली सगळ्यांत गुणाची कोणती, ओळखा."

साडू हात पुसत आले. माळ उजेडाकडे धरून एकेक टिकली बोटाने फिरवून पाहिली आणि शेवटची, तकतकीत, चौदावी धरली. "हीच. तुमच्या हातची म्हणून लगेच ओळखू येते."

"येते खरी," नाना म्हणाले आणि तेलाची झारी शोधायला वाकले.