वाणातली नळी

आमच्या बोरीत एक आशाताई हाय. चालताना पिशवी पुढं आन बाई मागं. "ऐकलं का" म्हणल्याशिवाय तिचं वाक्य सुरू होत न्हाई, आन ऐकायला ती कुणाचं थांबत न्हाई.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची नवी तपासणी आली. नळीतला ब्रश बाईनं आपल्याच हातानं आत फिरवून द्यायचा. रोग व्हायच्या आधीच त्याचा जंतू कळतो म्हणं. बाया लाजून पळायल्या. मग हिनं संक्रांतीचं हळदीकुंकू मला न विचारता माझ्याच घरी ठेवलं, कारण आमचा संडास अंगणातच हाय. वाण म्हणून एकेक नळी दिली. वाण परत कसं करायचं? विधवा बायकाबी बोलावल्या. कुणी नाक मुरडलं तर म्हणती, "ऐकलं का, कॅन्सर काय कुंकू बघून येतोय?"

मला काठी देऊन अंगणाच्या दारात बसवलं. "आबा, एकबी गडी आत सोडायचा न्हाई." मी सरपंचालाबी हाकललं.

सगळ्या बायांचं झालं. माझी सूनच अडून बसली. "मला काय झालंय?"

मी म्हणलं, "तुझी सासूबी हेच म्हणायची. अंगावरून जायचं ते वरीसभर लपवलं तिनं. गेली."

सून नळी घेऊन उठली.

आशाताई म्हणाली, "आबा, तोंड तिकडं करा."

मी लगेच केलं. डोळे पुसायला मला तेच पायजे होतं.